कच्चं पाणी

“नळ सोडलात ना? मग बाहेर या आणि दार लावून घ्या,” मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मास्तर बाहेर आले. आत शॉवर एकटाच आंघोळ करत होता. रात्रभर पाइपात साचलेलं पाणी आधी वाहून जाऊ द्यायचं, त्याचे तुषार छातीत जाऊ द्यायचे नाहीत, असा घरात नियम होता. जन्मभर पोरांना पाण्यात ढकलत आलेला माणूस स्वतःच्याच न्हाणीघराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळत उभा! मास्तरांना याची अगदी लाज वाटायची.

गावातली निम्मी पोरं त्यांच्याकडे पोहायला शिकली होती, म्हणून निवृत्तीनंतरही ते मास्तरच राहिले. मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून ते चांगले खडखडीत बरे झाले आणि काही महिन्यांनी मुलगी नोकरीच्या गावाहून बाडबिस्तरा घेऊन हजर झाली. “आता घरूनच काम करणार आहे. तुमच्याकडे लक्षही राहील,” ती म्हणाली.

तिच्या पाठोपाठ नियम आले. गीझर चांगला कडक तापवायचा. शॉवरची जाळी दर रविवारी उतरवून व्हिनेगरमध्ये बुडवायची. खोलीत गार तुषार सोडणारं यंत्र तर तिने आल्या आल्या भंगारात काढलं. आणि प्यायला, दात घासायला, चूळ भरायलासुद्धा उकळून गार केलेलंच पाणी. ते उकळून स्टीलच्या पिंपात भरण्याचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं.

“अगं, तलावाचं पाणी नाकातोंडात जाऊन जाऊन मी म्हातारा झालो. मला काय होतंय?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा.”

“कुठल्या डॉक्टरांनी? माझे तर काही बोलले नाहीत.”

“मी दुसऱ्यांना विचारलं,” असं म्हणून तिने डोक्याचा रुमाल घट्ट केला. इथल्या जड पाण्याने केस गळतात, अशी तिची तक्रार होती.

नियम ती स्वतःही पाळायची, हे मात्र कबूल करायला हवं. लहानपणी ती त्यांची मासोळी, सगळ्यांत तयार शिष्या. आता तलावाचं नाव काढलं की “वेळ नाही” म्हणायची. बुधवारी कामासाठी बाहेर जायची आणि परतली की न जेवताच आडवी व्हायची. खुर्चीत बसून ही पोरं इतकी दमतात कशी, हे मास्तरांना काही केल्या उमगत नव्हतं.

अशात तलावाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. सकाळच्या नवशिक्यांना शिकवायला कुणी नाही, याल का? मास्तर इतके हरखले की त्यांनी कपाटातून शिट्टी काढून तिथेच एकदा वाजवून पाहिली.

मुलीने ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. “सध्या नको, बाबा. एवढ्या मुलांमधून, त्या पाण्यातून तुम्ही रोज घरी येणार.”

“म्हणजे मी अजून आजारीच?”

“तसं नाही.”

“मग कसं?”

“थोडे महिने थांबा, एवढंच.”

मास्तरांना ते फार लागलं. पोटच्या पोरीने आपल्याला मोडीत काढावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. भांडून ती ऐकणार नव्हती. तेव्हा तिला दाखवूनच द्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर गॅसवर पातेलं चढवत, ती खोलीत गेली की गॅस बंद करत आणि तेच नळाचं पाणी पिंपात ओतत. मग मिशीतल्या मिशीत हसत ग्लास भरून पीत. पोट ठीक, झोप छान, जिना एका दमात चढून होत होता. चोरी अंगी लागत होती म्हणायची.

त्या आठवड्यात मुलगी भर दुपारी शाल पांघरून बसू लागली. “जरा कणकण आहे,” म्हणाली.

“बैठं काम, दुसरं काय! तलावात चार हात मारून ये,” मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि पिंपातून दोन ग्लास भरले. एक स्वतः रिकामा केला. मुलीने तळहातावरच्या गोळ्या तोंडात टाकल्या आणि दुसरा संपवला. व्हिटॅमिनच्या गोळ्या, ती सांगायची.

“मासोळी, हे पाणी उकळलेलं नाही,” मास्तरांनी छाती पुढे काढली. “आठवडाभर नाही. आणि माझ्याकडे बघ, ठणठणीत आहे! सांग जाऊन तुझ्या त्या डॉक्टरांना.”

मुलीने ग्लास हळूच खाली ठेवला. स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. रुमाल मागे सरकला. त्याखाली एकही केस नव्हता.

“बाबा,” ती म्हणाली, “ते डॉक्टर माझे आहेत.”