सहाव्या चित्रातल्या बाई

दिल्लीच्या द्वारका भागातल्या छोट्या गॅलरीत माझी पाचच चित्रं लागली होती, पहाडगंजच्या बंद दुकानांची. माणूस एकाही चित्रात नाही. चेहरे मला जमतच नाहीत.

तरी अभिप्रायाच्या वहीत पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिलं, "सहाव्या चित्रातल्या बाई काय गोड हसतात!"

"समोसे खायला आलेली यूपीएससीची पोरं असणार, यार," माझा नवरा सिद्धांत म्हणाला. स्वतः त्याचा तिसरा समोसा चालू होता. आम्ही पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या अक्षरात पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या रमाबाईंनी निघताना माझा हात हातात घेतला. "नीलम, त्या बाईंचं हसू बघून फार बरं वाटलं गं."

मीही थँक्यू म्हणून टाकलं. कौतुक कोणाला नको असतं?

शेवटच्या दुपारी सगळे पांगले. सिद्धांत टेम्पो आणायला गेला. वही मिटता मिटता मी शेवटचं पान वाचलं. शाई अजून ओली होती.

"आज सहावी फ्रेम रिकामीच दिसली. बाई कुठे गेल्या?"

माझ्या अगदी कानाशी कोणीतरी हसलं. खरंच, फार गोड.