अकरावी तिथी

नऊला चार मिनिटं कमी असताना सुन-रेबाईंनी समोरचा सूपाचा वाडगा उचलला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे नेऊन ठेवला.

"बाई, ते तुमच्यासाठी आहे," मि-रान म्हणाली.

"कळतं मला. भात आणलायस ना?"

भात होता. मि-राननं पहाटे उठून सगळं घरी रांधलं होतं. शिंपल्या घालून केलेलं समुद्री शेवाळाचं सूप, बाळंतिणीला देतात आणि मग जन्मभर दर वाढदिवसाला करतात ते. बाईंनी फोनवर तेवढी एकच अट घातली होती. काचेपलीकडून निर्माता ब्योन घड्याळ दाखवत होता. सकाळीच त्यानं बजावलं होतं, "मि-रानताई, बाई गायल्या नाहीत तर आपण दोघं उद्यापासून बंदरावर मासे विकायला बसू."

मोक्पो या बंदरगावच्या रेडिओवर मि-रान चौदा वर्षं 'आजचा दिवस' सांगत होती. आज कोणता गायक जन्मला, कोणता वादक गेला, कोणती तबकडी पहिल्यांदा वाजली. या चौदा वर्षांत तिची एक तारीख चुकली नव्हती आणि त्याचा तिला चांगलाच ताठा होता. प्रत्येक वाढदिवसाच्या शेवटी तिचं ठरलेलं वाक्य असे, "जन्माला आलात, फार बरं केलंत."

बोंग सुन-रेबाईंचा वाढदिवस हा तर तिचा सगळ्यात मोठा शोध. नाव पुकारलं की "ओ" म्हणत रंगमंचावर येणारी ही गायिका सगळ्या देशाला ठाऊक होती. ओळ संपता संपता तिचा आवाज किंचित अडखळे. या लकबीची नक्कल करून कितीतरी पोरी पोट भरत होत्या. सरकारी कागदावरच्या तारखेला लोक शुभेच्छा देत आणि बाई खुशाल गात. पण वर्षातला एक दिवस त्या गात नसत, आणि तो दिवस दरवर्षी वेगळा असे. बाईंची लहर, म्हणून लोक सोडून देत. मि-राननं मात्र पन्नास वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका जुळवल्या, तेव्हा तारखा वेगळ्या पण तिथी एकच निघाली. चांद्रवर्षातल्या चौथ्या महिन्याची अकरावी. म्हणजे खरा वाढदिवस हाच, कागदावरची तारीख उशिरा केलेल्या नोंदीची. आठवडाभर तिनं श्रोत्यांना सांगितलं होतं की बाई ऐंशी वर्षं पूर्ण करताहेत आणि या दिवशी पहिल्यांदाच गाणार आहेत.

बाईंनी भाताची वाटी सूपाशेजारी ठेवली आणि भातात चमचा उभा रोवला.

जिवंत माणसापुढे असा चमचा कुणी रोवत नाही. पितरांना वाढतात तेव्हाच रोवतात. तेवढ्यात प्रसारणाचा लाल दिवा लागला आणि हातातलं कार्ड वाचण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

"आज जन्मलेल्या गायिका, बोंग सुन-रे."

"ओ," बाई सवयीनं म्हणाल्या.

मि-रानचं पुढच्या ओळीकडे लक्षच जाईना. "बाई," तिनं हळूच विचारलं, "माझी तिथी चुकली का?"

"तिथी बरोबर आहे, पोरी. माणूस चुकलंय."

काचेपलीकडे ब्योन उभा राहिला.

"सुन-रे माझी थोरली बहीण," बाई म्हणाल्या. "आजच्या तिथीला जन्मली, तिसऱ्या वर्षी गोवरानं गेली. गेल्याची नोंद करायला बाबा गेलेच नाहीत. पुढच्या हिवाळ्यात मी झाले, तेव्हाही गेले नाहीत. घरात एक कागद होता, तोच मला चालवला. नाव तिचं, वय तिचं. ऐंशीची ती. मी सत्त्याहत्तरचीच आहे. तीन वर्षं फुकट म्हातारी झाले बघ."

"मग तुमचं नाव?"

"आई मला 'अगं' म्हणायची."

त्या हसल्या.

"आजच्या तिथीला आई हे सूप करायची, दार लावून घ्यायची आणि तिला अंगाई म्हणायची. माझ्यासाठी कधी म्हणाली नाही. मी दाराबाहेर बसून शिकले. माझं पहिलं गाणं तेच. पण आजच्या दिवशी ते आईचं, मी तोंड उघडायचं नाही, हा घरचा नेम. आई गेल्यावर सूप मी करायला लागले, आणि गप्प बसायला. आता माझंही होत आलं. मी गेल्यावर ती होती म्हणून सांगणार कोण?"

मग बाईंनी डोळे मिटले आणि त्या गायला लागल्या.

आवाज म्हातारा होता, अगदी खाली लावलेला, निजलेलं मूल जागं होऊ नये इतपतच. मि-राननं बाईंची एकूण एक तबकडी ऐकली होती. हे असं काही तिच्या कानावर कधी पडलं नव्हतं. पहिली ओळ संपत आली आणि आवाज अडखळला. दुसऱ्या ओळीला तिथेच, तिसरीलाही तिथेच. पन्नास वर्षं देश जिला लकब म्हणून डोक्यावर घेत होता, ती लकब नव्हतीच. त्या जागी आईला हुंदका येत असे. दाराबाहेरच्या पोरीनं हुंदक्यासकट गाणं उचललं होतं.

गाणं संपलं. ब्योननं जाहिरात लावायला हवी होती. तो नुसता उभा होता.

मि-राननं कार्ड पालथं ठेवलं. खुर्ची वळवून ती त्या वाफाळत्या वाडग्याकडे, त्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसली.

"सुन-रे," तिनं हाक मारली. "जन्माला आलीस, फार बरं केलंस."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या नावाला बाईंनी ओ दिली नाही.