शपथ न घेतलेली

जुलमी तीस जणांची सत्ता उलथली आणि अथेन्सच्या पुरुषांनी शपथ घेतली, मागचं कुणी उकरून काढायचं नाही. त्याच संध्याकाळी शेजारचा पॅम्फिलस दारात आला. त्याच्याच चुगलीमुळे लिसिलाच्या लेकाला शिपायांनी धरून नेलं होतं, ते कायमचं. तिच्या नवऱ्यानं, यूडिकसनं, खालमानेनं ऑलिव्हची वाटी पुढे सरकवली.

"बस. पीक बरंय ना यंदा?"

लिसिला आतून तरातरा बाहेर आली.

"अगं, शपथ घेतलीये!" यूडिकस दचकला.

"तुम्ही घेतलीत. आम्हा बायकांना कोण विचारतंय?" ती पॅम्फिलससमोर बसली. आवाज एकदम खाली आला. "नेताना माझं लेकरू काही म्हणालं का रे?"

तिला गप्प करायला उघडलेलं तोंड यूडिकसनं मिटलं आणि तो हळूच जवळ सरकला.