एसी सोळावर

माणसाचे प्राण रक्तात असतात. बबन डवरीचे मात्र त्या दुपारी एसीच्या रिमोटात होते. ऑपरेशन थिएटरचा एसी सर्जन गुर्जर सर सोळावर ठेवीत आणि रिमोटला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नसे.

लग्नाच्या बँडचा टेंपो उलटून बबनच्या पोटाला जबर मार बसला होता. सरांनी फुटलेली रक्तवाहिनी बांधली, तरी जखम चहूकडून पाझरतच होती. प्लाझ्मा चढवला, प्लेटलेट चढवल्या. रक्त काही गोठेना.

भूल देणाऱ्या डॉक्टर शर्वरीने अखेर तोंड उघडलं. "सर, पेशंट गार पडलाय. गार अंगात रक्त नीट गोठत नाही. एसी बंद करते."

"अहो, मी वितळेन!"

"तुम्हाला पुसून घेऊ. हा वाहून गेला तर?"

सरांनी मानेनेच रिमोटकडे खूण केली. एसी बंद झाला, गरम हवेचं पांघरूण आलं, रक्त कोमट होऊन चढू लागलं. सरांचं कपाळ टिपून टिपून सिस्टर दमल्या. तासाभराने जखमेत रक्ताने गुठळ्या धरल्या, तेव्हा घट्ट दही लागल्यासारखे सगळे खूश झाले; घामाने निथळणारे सरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बबन शुद्धीवर आला आणि पहिलंच वाक्य बोलला, "फार उकडतंय हो इथं."