चाळीस ताटं आणि एक जुबेदी

"जुबेदी? गो पोरी, आज वासाला पण नाय!" मासळीबाजारात सर्फराजमामूंनी रिकाम्या बर्फाकडे हात केला. "सकाळपासून ही एकटी आली. घेऊन जा."

निदाने ती पिशवीत घातली. एका जुबेदीत काय होणार? संध्याकाळी यजमानासकट चाळीस माणसं जेवायला होती, आणि तीही साधीसुधी नव्हेत. एकाच नदीवर जगणारे देश तीन दिवस कुवेतमधल्या एका हॉटेलात पाण्यावरून भांडत होते. नदी वरच्या देशात उगम पावते, मधल्या देशातून वाहते आणि कुवेतच्या उशाशी समुद्राला मिळते. कुवेतच्या वाट्याला नदी नाही. तिचं गोडं पाणी ज्या कोपऱ्यात मिसळतं तेवढा समुद्र मात्र आहे, आणि तिथेच जुबेदी, म्हणजे आपलं पापलेट, वाढतं. वरच्या देशाने धरणं बांधली, पाणी आटलं, जुबेदीही आटली, असं कुवेतचं गाऱ्हाणं होतं. उन्हाळ्यात धरणातून ठरलेलं पाणी सोडायचं, असा करार वरच्या देशाच्या मंत्र्यांपुढे पडून होता. ते सही काही करत नव्हते.

जेवणाचं काम निदाकडे होतं. शहरातल्या मिरकाब भागात तिने स्वतःच्या नावाची केटरिंगची पाटी लावली त्यानंतरचं हे पहिलंच मोठं काम. परिषदेचे यजमान बू खालिद तिला पोरीसारखं 'बिंती' म्हणत. त्यांनी सकाळी बजावलं होतं, "बिंती, आज जुबेदीच हवी, आपल्याच समुद्रातली. बाजारात मिळेल तेवढीच आण. कमी पडली तरी चालेल."

कमी पडली तरी चालेल! निदाला मनात हसूच आलं. श्रीवर्धनला तिचे अब्बा सोयऱ्यांना असंच सांगत, "या, असेल ती मीठभाकर खाऊ." आणि फोन ठेवला की घरात मसाले वाटायला सुरुवात. यजमानाने असं बोलायचं असतं, घरच्यांनी ते ऐकायचं नसतं. पाहुण्याच्या ताटात मासळी कमी पडली तर बंदरावरच्या माणसाने तोंड दाखवायचं कुठे?

"मामू, दुसरीकडे कुठे?"

"मुंबईच्या विमानाने रत्नागिरीची पापलेटं आलीत. एकदम ताजी. दिसायला सख्खी भावंडं. पण इथला माणूस बाहेरच्या माशाला नाक मुरडतो हां."

"त्याला सांगतंय कोण?" निदा म्हणाली आणि खोकी भरायला लागली.

संध्याकाळी लांबलचक टेबलावर चाळीस ताटं सजली. प्रत्येकात अख्खा मासा, खाली केशरी भात. खरी जुबेदी निदाने बू खालिदांच्या ताटात ठेवली. त्यांच्या सात पिढ्या होड्यांवर गेलेल्या. चोरी पकडणारी जीभ तिथे तेवढी एकच होती.

मंत्री टेबलाच्या वरच्या टोकाला बसले. यजमान म्हणून बू खालिद दाराजवळ, अगदी खालच्या टोकाला. त्यांनी ताटांची रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. गहिवरले बिचारे, असं निदाला वाटलं. त्यांनी ताटाला हातही लावला नाही.

मंत्र्यांनी मात्र काटा न् काटा चोखून काढला आणि मग ते हात पुसत उभे राहिले.

"तीन दिवस ऐकतोय, आमच्या धरणांनी तुमची जुबेदी संपवली म्हणून. इथे तर चाळीस ताटांत चाळीस मासे! मित्रांनो, समुद्र भरलेला आहे आणि माझं पोटही. मग करार कशाला?"

हशा पिकला. मधल्या देशाच्या इंजिनियरबाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरची कराराची फाइल बंद केली आणि जायला म्हणून पर्स उचलून त्या उठल्या.

निदाच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. मिळेल तेवढीच आण, हे सौजन्य नव्हतंच. कमी पडलेली मासळी, तेच तर आजचं जेवण होतं. आणि आपण शहाणपणा करून त्या म्हाताऱ्याच्या तीन दिवसांच्या कष्टांवर केशरी भात वाढला! तिला भयंकर लाज वाटली. गप्प राहिलं तर मिरकाबची पाटी शाबूत राहत होती. बोललं तर यजमानाला फसवणारी म्हणून गावभर बोभाटा होणार होता.

ती हातातल्या भाताच्या डावासकट पुढे आली.

"सर, हा मासा इथला नाही. आमच्या रत्नागिरीचा आहे. मी कुणाला न सांगता आणला. इथल्या बाजारात आज एकच जुबेदी होती. ती बू खालिदांच्या ताटात आहे."

हशा जिथल्या तिथे थांबला. बू खालिदांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने की कशाने, ते तिला कळेना. मग ते उठले. आपलं ताट दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या कडेकडेने चालत गेले आणि ते त्यांनी मंत्र्यांपुढे ठेवलं.

"मला ही एकटीच टेबलावर हवी होती. पोरीने माया जास्त केली." ते म्हणाले, "घ्या. चाळीस माणसं आहेत. वर तुम्ही बसलाय, वाटायला सुरुवात तुमच्यापासूनच."

मंत्री माशाकडे बघत राहिले. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे. इंजिनियरबाई पर्स हातात धरून उभ्याच होत्या. मंत्र्यांनी सुरी उचलली, परत ठेवली, आणि ते ताट हळूच निदाच्या हातात दिलं.

"खालच्या टोकापासून वाढा," ते म्हणाले.