रिंगचा चुकीचा अर्थ

"हिने चुकीचा अर्थ लावला आणि मी हिच्या गळ्यात पडलो," टाइपरायटरवाले म्हणाले आणि नेहमीसारखे आधी स्वतःच हसले.

पाहुण्या बाई हसल्या नाहीत. एके काळी त्या यांच्या बायकोच्या ऑफिसात वरिष्ठ होत्या. तिथे इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोश तयार व्हायचा. इतक्या वर्षांनी शहरात आल्या, म्हणून भेटायला आल्या होत्या. बायको आत चहा टाकत होती.

मग गोष्ट पहिल्यापासून सांगणं आलंच. त्या ऑफिसातली मशीन दुरुस्त करायचं काम यांच्याकडे होतं. खिडकीजवळच्या मुलीच्या टाइपरायटरची एकच कळ, आर अक्षराची, सारखी अडकायची. ती सोडवता सोडवता यांचाच जीव अडकला. तोंडाने बोलायची छाती होईना. शेवटी मशीन तपासायच्या निमित्ताने त्यांनी इंग्रजीत एक ओळ टाइप केली, 'गिव्ह मी अ रिंग', आणि कागद तिथेच ठेवून पळ काढला.

"म्हणजे फोन कर. पण घाबरगुंडी अशी, की नंबर लिहायचाच राहिला. दोन दिवसांनी ही माझ्या दुकानात हजर. काउंटरवर चांदीची अंगठी ठेवली आणि म्हणाली, तुम्ही मागितलीत म्हणून."

"अंगठी?" बाईंनी विचारलं.

"इंग्रजीत रिंग एकच हो. स्पॅनिशमध्ये फोन असेल तर यामादा, बोटातली असेल तर आनियो. हिने नेमका आनियो उचलला. बिचारी टायपिस्ट, समोर येईल ते टाइप करायची. पुढे इंग्रजी शिकवलं ते मीच."

त्यांनी हात पुढे केला. अंगठी झिजून तारेएवढी झाली होती.

ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या लग्नात सांगितली, मुलांच्या लग्नांत सांगितली. लोक पोट धरून हसायचे. हसणं ओसरलं की यांच्या मनात मात्र काटा सलायचा. तिने आपल्याला निवडलं कुठे? तिने एक शब्द चुकीचा निवडला, आणि मग माघार घ्यायची लाज वाटली असेल. एकदा धीर करून विचारलंही होतं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पदरी पडलं आणि पवित्र झालं." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

"खरं सांगू?" त्यांनी आवाज खाली आणला. "तेव्हा हिला अर्थ कळला असता, तर हिने नंबर शोधून नुसता फोन केला असता. दोन शब्द बोलली असती आणि संपलं असतं."

बाई पुढे सरकल्या.

"ही टायपिस्ट होती, असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"मशीनवर बसायची की."

"सगळेच बसायचे. आमच्याकडे अक्षरं वाटून दिली होती. इंग्रजी शब्दाचे अर्थ किती आणि कुठल्या अर्थाला स्पॅनिश शब्द कुठला, हे ज्याचं त्याने ठरवायचं."

आत कपबशांचा आवाज थांबला.

"आर हे अक्षर हिचं होतं."