डावं मडगार्ड

"हात लावू का रे? का आता परवानगी लागती?" मैनुद्दीननं शेडच्या दारातूनच विचारलं.

"तुमाला कावून परवानगी, उस्ताद? या की." जमील हातातला पत्रा घासायचा वॉटरपेपर बादलीत टाकून उठून उभा राहिला.

त्याचं ते उठून उभं राहणंच मैनुद्दीनला झोंबलं. सबंध धारूरात मोटारीचा पत्रा ठोकणारे दोघेच, हा आणि जमील. जमीलला हातोडा धरायला शिकवलं तेही यानंच. आणि चेअरमनची गाडी कुणाकडं? जमीलकडं! म्हातारा झाला म्हणे मैनुद्दीन.

गाडी होती मात्र बघत राहावं अशी. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, लांब नाकाची, जुनी विलायती शर्यतीची गाडी. साखर कारखान्याचे चेअरमन भगवानराव यांनी ती हैदराबादेतल्या कुण्या नवाबाच्या नातवाकडून उचलली होती. गंजून पार चाळण झालेली. तिच्यातून त्यांना पोराची वरात काढायची होती.

इकडं दुष्काळानं ऊस उभा वाळला होता आणि कारखाना यंदा पेटलाच नव्हता. ट्रक जागेवर उभे, मग ठोकायला पत्रा येणार कुठून? अशात भगवानरावांनी जाहीर करून टाकलं होतं की गाडी मनासारखी निघाली तर जमीलला कारखान्याच्या वर्कशॉपात कायमचं घेऊ, नाही तर मैनुद्दीनला. कायमचं म्हणजे पाऊस पडो न पडो, घरात पीठ येणार.

मैनुद्दीन जळत होता. उगाच लपवायचं कशाला? रात्रंदिवस जळत होता.

"हैदराबादेत असल्या छप्पन गाड्या केल्यात म्या," तो म्हणाला.

"मग ही बी वळखीची असंल," जमील म्हणाला.

"गाडी दिसायची कुठं तिथं? गाड्या म्होरं सायबाच्या नजरंखाली, आमी पोरं मागच्या पडवीत. सुटा पत्रा यायचा. ठोकायचा अन् परत द्यायचा."

"व्हय. सांगितलतं तुमी," जमील खाली बघत म्हणाला.

मैनुद्दीननं डोळे मिटले आणि तळहात पत्र्यावर ठेवला. पत्र्याचं खरं-खोटं डोळ्याला कळत नाही, तळहाताला कळतं. उजवं मडगार्ड लोण्यासारखं लागलं. बॉनेट तसंच, दरवाजे तसेच. कार्ट्यानं काम केलं होतं, झक मारली होती त्याच्या पुढं भल्याभल्यांनी!

मग हात डाव्या मडगार्डावर आला आणि दिव्याजवळ हलकासा डोलला. लहर! बारीक होती, पण होती. मैनुद्दीनचं काळीज नाचायला लागलं.

"कसं हाय, उस्ताद?"

"झकास."

जमील थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. "डावं बी?"

"डावं बी."

"अजून रंग मारला न्हाई. काई कमी-जास्त असंल तर सांगा. तुमी म्हणलं तरच हात लावीन."

"काई लावू नको. एक नंबर हाय."

घरी आला तर चाँदबी टँकरवरून दोन घागरी घेऊन नुकतीच आली होती आणि तिचं तोंड चालू होतं. "या अल्ला! माणसाला प्यायला न्हाई अन् जमील त्या गाडीला आंघोळ घालतोय!"

"घासायला पाणी लागतंच," मैनुद्दीन म्हणाला. आज त्याचा आवाज लई गोड होता. "पण कामावर आपली खूण ठोकायला लाज वाटंल त्याला. बघशील तू."

खूण ठोकायची चाल त्यांच्यात होतीच. काम झालं की पत्र्याच्या आतल्या अंगाला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी, छिन्नीनं ठोकायची. जमीलची खूण म्हणजे आडवी रेघ.

चाँदबीला हसू आलं. "अन् तुमची चंद्रकोर! आपली सोयरीक ठरली अन् तिकडं हैदराबादेत नवाबांच्या गाड्यांत माझं नाव ठोकत बसलते. शरम न्हाई वाटली?" मग ती जरा थांबली. "जमीलचं वाईट नका चिंतू. पोरका आलता, म्याच भाकरी घातली त्याला."

"म्हणून काय माझ्या भाकरीवर बसंल?"

आठवड्याभरानं गाडी कारखान्याच्या फाटकात उभी राहिली, लालभडक. ऊन तिच्यावर ठरत नव्हतं. भगवानराव दोनदा तिच्याभोवती फिरले आणि जमीलच्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला.

"सायेब," मैनुद्दीन पुढं झाला, "थाप मारायच्या आधी डोळे मिटा अन् हितं हात फिरवा. डाव्या दिव्याजवळ."

भगवानरावांनी हात फिरवला. परत फिरवला. त्यांचं तोंड उतरलं.

"ज्यानं हे मडगार्ड ठोकलंय ना सायेब, त्याला हातोड्याचा दांडा कोणता अन् डोकं कोणतं हे बी कळत न्हाई. असला माणूस वर्कशॉपात घ्या, सगळे ट्रक खेकड्यासारखे चालतील."

जमलेली मंडळी खो-खो हसली.

"जमील, हे मडगार्ड कुणी केलं?" भगवानरावांनी विचारलं.

जमीलनं मैनुद्दीनकडं पाहिलं.

"म्याच केलं, सायेब."

"मग वर्कशॉपाचं विसर. मैनुद्दीन, उद्यापासनं तुमी या."

जमीलनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता मैनुद्दीनला सलाम केला. "मुबारक, उस्ताद."

मंडळी चहाला गेली. मैनुद्दीन एकटाच गाडीपाशी राहिला. त्याचं पोट अजून भरलं नव्हतं. खूण ठोकायची तरी हिंमत केली का पठ्ठ्यानं, बघू या, असं मनाशी म्हणत तो उकिडवा बसला आणि मडगार्डाच्या आतून हात घातला.

सगळा पत्रा घासून लख्ख केलेला होता. फक्त दिव्याच्या मागं तळहाताएवढी जागा जमीलनं जशीच्या तशी सोडली होती, जुन्या रंगासकट. मैनुद्दीनची बोटं तिथं आडवी रेघ शोधू लागली.

रेघ नव्हती. चंद्रकोर होती.